तोच खडक, तोच घोडा, नवा सिनेमा

पीएल चालू होती. मेसमध्ये सलग तिसऱ्या दिवशी बटाटा, बाहेर उकाडा आणि समोर स्ट्रक्चर्सचा अर्धवट सोडवलेला प्रॉब्लेम. अशा वेळी माणूस काय काय बघतो याला धरबंध नसतो. आमच्या विंगमध्ये कोणीतरी १९३०-४० च्या काळातले काळे-पांढरे काउबॉय सिनेमे शोधून आणले. त्यांचा मोठा गुण असा, की एक सिनेमा तासाभरात संपतो. म्हणजे जेवण झाल्यावर एक बघायचा आणि गपचूप अभ्यासाला बसायचं. एकावर कधी थांबलो नाही, हा भाग वेगळा.

चार-पाच सिनेमे झाल्यावर माझा रूममेट ओरडला, "अरे, हा खडक परवाच्या सिनेमात पण होता!" खरंच होता. मग आम्हाला नादच लागला. तोच खडक, तेच वळण, तीच घोडागाडी, तोच म्हातारा विनोदी सोबती, तेच दारूचं दुकान. एकदा तर व्हिलनचा गुंड पुढे पळतोय आणि हीरो त्याच्या मागे. पण लांबून दिसणारा हीरोसुद्धा तोच गुंडाचं काम करणारा माणूस! म्हणजे गडी स्वतःच स्वतःचा पाठलाग करतोय. आम्ही हसून हसून गादीवरून खाली पडलो.

हसून झाल्यावर मात्र मला प्रश्न पडला. हे लोक एवढे सिनेमे काढत कसे होते? 'थ्री मेस्किटिअर्स' या मालिकेचे १९३६ ते १९४३ या आठ वर्षांत ५१ सिनेमे आले. 'हॉपलाँग कॅसिडी'चे १९३५ ते १९४८ मध्ये ६६. आपल्याला एक मिनी प्रोजेक्ट वेळेत देता येत नाही! म्हणून थोडं वाचलं, थोडं खोदलं, त्याचा हा लेख. (मराठी विभागाच्या संपादकांनी 'काहीतरी तांत्रिक दे' म्हटलं होतं. हे तांत्रिकच आहे, वाचा तर खरं.)

सगळ्याचं मूळ पैशात आहे. १९२९ नंतर अमेरिकेत महामंदी आली आणि थिएटरं ओस पडली. मग थिएटरवाल्यांनी शक्कल काढली : एका तिकिटात दोन सिनेमे. पहिला मोठ्या नटांचा, त्याला 'ए' म्हणत. दुसरा जोडीला दिलेला, तो 'बी'. आपल्याकडे 'बी ग्रेड' म्हटलं की डोळे मिचकावतात, तसला काही अर्थ तिथे नव्हता. बी म्हणजे जोडीचा, एवढंच. 'ए' सिनेमाच्या गल्ल्यातला काही टक्के वाटा स्टुडिओला मिळे, म्हणजे सिनेमा चालला तर चांदी. 'बी' सिनेमा मात्र ठरलेल्या भाड्याने जायचा. हाउसफुल्ल गेला तरी तेवढंच भाडं, खुर्च्या रिकाम्या राहिल्या तरी तेवढंच.

याचा परिणाम फार मोठा आहे. आपल्या मेसचं गणित आठवा. महिन्याचे पैसे आधीच ठरलेले. भाजीत पनीर जास्त पडलं म्हणून कोणी दहा रुपये वर देणार नाही. मग नफा व्हायचा तो पातेल्यातच होणार! तसंच इथे. सिनेमा जास्तीत जास्त किती कमावणार हे कॅमेरा चालू होण्याआधीच माहीत. म्हणजे खर्च त्याच्या आत बसवायचा, मग कथा-बिथा. आपण डिझाइनच्या तासाला आधी लोड काढतो आणि मग सेक्शन ठरवतो. त्यांच्याकडे लोडच्या जागी भाडं होतं.

आणि मालिका का, तर थिएटरवाला वर्षभराचे सिनेमे आधीच घेऊन ठेवायचा. पुढच्या वर्षी मेस्किटिअर्सचे आठ येणार म्हणजे येणार. अजून न लिहिलेला सिनेमा विकायचा तर माल कसा असेल हे गिऱ्हाइकाला माहीत हवं. तोच हीरो, तोच घोडा, तीच टोपी. साबणाच्या वडीसारखं.

असे सिनेमे काढणाऱ्या छोट्या कंपन्यांना हॉलिवूडमध्ये 'पॉव्हर्टी रो' म्हणत, म्हणजे आपल्या भाषेत भिकार गल्ली. मोनोग्रॅम, मॅस्कॉट वगैरे. हर्बर्ट येट्स नावाच्या गृहस्थाची फिल्म धुण्याची लॅब होती आणि यातल्या बऱ्याच कंपन्यांची त्याच्याकडे उधारी थकलेली. १९३५ मध्ये त्याने अशा काही कंपन्या एकत्र आणून 'रिपब्लिक पिक्चर्स' काढली. टपरीवाल्याने उधारीच्या वहीवरून अख्खं हॉटेल उभं केलं म्हणा ना! पुढे रिपब्लिकने आपल्या सिनेमांच्या चक्क प्रती पाडल्या होत्या. सर्वांत खालची 'ज्युबिली' : सात दिवसांचं शूटिंग, साधारण ५० हजार डॉलर. बहुतेक वेस्टर्न सिनेमे यातच. सर्वांत वरची 'प्रीमियर', तिथे आकडा दहा लाखांच्या पुढे. आणि रिपब्लिकच्याही आधी, १९३३ ते १९३५ मध्ये, 'लोन स्टार'च्या नावाने जॉन वेनचे १६ सिनेमे निघाले ते याहूनही फार स्वस्तात, दहा-पंधरा हजारांच्या घरात.

आता मला आवडलेला भाग. सात दिवसांत सिनेमा होतो कसा?

पहिलं म्हणजे जागा. लॉस एंजेलिसच्या कडेला चॅट्सवर्थ इथे आयव्हर्सन कुटुंबाची जमीन होती. वाळूखडकाचे अक्राळविक्राळ सुळके, मध्ये मोकळ्या वाटा. स्टुडिओतून सकाळी निघायचं, संध्याकाळी घरी. आमचा 'परवाचा खडक' इथलाच. सेट उभारायचा खर्च नाही, सूर्यप्रकाश फुकट, म्हणून जास्तीत जास्त सिनेमा घराबाहेर. सात सिनेन घडायचे असले तरी घोडदौडीचे सगळे शॉट एकाच वाटेवर एकाच दिवशी उरकायचे. सकाळी डावीकडून उजवीकडे पळायचं, दुपारी उजवीकडून डावीकडे. झाले दोन वेगळे पाठलाग!

रात्र हवी असेल तर? दिव्यांचा खर्च कोण करणार? भर उन्हात शूटिंग करायचं, लेन्सवर फिल्टर लावायचा, एक्स्पोजर कमी ठेवायचं आणि म्हणायचं, झाली रात्र. नीट बघा, या 'रात्रीत' घोड्याखाली काळीकुट्ट सावली पडलेली असते. एकदा दिसली की मग प्रत्येक वेळी दिसते. तुमची मजा घालवल्याबद्दल सॉरी.

कपड्यांचंही तेच. हीरो वर्षानुवर्षं एकाच कपड्यात का? कारण मागच्या सिनेमातला धबधब्यावरून उडीचा शॉट या सिनेमात चिकटवता यावा. याचा कळस म्हणजे कोलंबिया कंपनीचा 'डुरँगो किड'. चार्ल्स स्टारेट हा नट १९४५ ते १९५२ मध्ये ही भूमिका सलग करत होता. प्रत्येक सिनेमात तो स्टीव्ह नावाचा कोणीतरी साधा माणूस. मात्र अन्याय दिसला की काळे कपडे, काळा रुमाल तोंडाला आणि पांढरा घोडा. प्रेक्षकाला वाटतं रहस्य. हिशेबनिसाला ठाऊक की तोंड झाकलेलं असल्यावर घोड्यावर कोण बसलंय ते कोणाच्या बापाला कळणार नाही! उड्या मारायला स्टंटमन, आणि जुन्या सिनेमांतले तुकडे वाटेल तिथे जोडायला मोकळे. मॉड्युलर डिझाइनचं याहून चांगलं उदाहरण मला आमच्या पुस्तकात मिळालेलं नाही.

पण काटकसरीतून कधी कधी भलतंच चांगलं काही निघतं. 'रँडी राइड्स अलोन' (१९३४) ची सुरुवात बघा. जॉन वेन एकटा घोड्यावरून येतो. दुकानातून पियानो ऐकू येतोय. आत जातो, तर सगळे मरून पडलेले. पियानो आपोआप वाजणारा आहे, तो वाजतोच आहे. भिंतीवरच्या चित्रातून कोणाचे तरी डोळे बघताहेत. संवाद नाहीत, गर्दी नाही, गर्दीला पैसेच नाहीत. मेलेल्या माणसांना संवाद द्यावे लागत नाहीत, हेही आलंच. आमच्या रूममध्ये तोपर्यंत चाललेली टिंगल त्या दोन मिनिटांत बंद पडली. पुढचा सिनेमा यथातथाच आहे, पण ती दोन मिनिटं मी विसरलेलो नाही.

जॉन वेनबद्दल थोडं. १९३० मध्ये त्याला 'द बिग ट्रेल' हा प्रचंड खर्चाचा सिनेमा मिळाला आणि तो आपटला. मग जवळजवळ दहा वर्षं हा माणूस या भिकार गल्लीत राबला. 'रायडर्स ऑफ डेस्टिनी' (१९३३) मध्ये तर त्याला गाणारा काउबॉय केलाय. आवाज दुसऱ्याचा, आणि ते लपत नाही. मार्च १९३९ मध्ये जॉन फोर्डचा 'स्टेजकोच' आला आणि वेन मोठा झाला. पण कराराचे मेस्किटिअर्स संपायचे होते. त्यामुळे 'स्टेजकोच'नंतरही त्याच वर्षी त्याचे चार मेस्किटिअर्स सिनेमे थिएटरात लागले. कॅम्पसमध्ये मोठी नोकरी लागल्यावर राहिलेली केटी द्यायला बसतात ना, तसं.

आणि तो स्वतःचा पाठलाग करणारा गुंड? त्याचं नाव याकिमा कॅनट. आधी रोडिओतला, म्हणजे उधळलेल्या घोड्यावर टिकून राहायच्या स्पर्धांतला, चॅम्पियन. लोन स्टारच्या सिनेमांत तो गुंडाचं काम करायचा आणि वेनच्या जागी पडायचाही. माझ्या मते या सगळ्या कारभारातला खरा इंजिनिअर हाच. घोड्यावरून पडताना पाय रिकिबीत अडकला तर माणूस फरफटत जातो. त्याने एका बाजूने उघडी, इंग्रजी 'एल'च्या आकाराची रिकीब वापरात आणली, म्हणजे पाय हवा तेव्हा सुटतो. 'स्टेजकोच'मध्ये धावत्या सहा घोड्यांच्या मधून जमिनीवर पडून, अख्खी गाडी अंगावरून जाऊ देणारा माणूस तोच. हा प्रकार त्याने स्वस्तातल्या सिनेमांत आधीच घोटून ठेवला होता. पुढे १९५९ च्या 'बेन-हर'मधली रथांची शर्यत उभी करण्यात त्याचा मोठा हात होता आणि १९६७ मध्ये त्याला मानद ऑस्करही मिळालं.

इथे एक वाईट गोष्टही सांगायला हवी. घोडा भरधाव पळताना तोंडावर पडलेला दिसतो ना, तो बऱ्याचदा 'रनिंग डब्ल्यू' नावाच्या युक्तीने पाडलेला असायचा. पुढच्या पायांना तार, तारेचं दुसरं टोक जमिनीत पक्कं केलेलं. तार संपली की घोडा उलटा. किती घोडे त्यात जायबंदी झाले असतील! आणि हे फक्त गरीब कंपन्याच करत होत्या असं नाही. १९३६ चा 'चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड' मोठ्या बजेटचा, त्यातही घोडे मेले. १९३९ च्या 'जेसी जेम्स'मध्ये कड्यावरून पाण्यात पाडलेला घोडा मेला आणि ओरड झाली. त्यानंतर १९४० पासून 'अमेरिकन ह्युमेन' संस्थेची माणसं शूटिंगवर लक्ष ठेवू लागली. हे वाचल्यापासून घोडा पडला की आम्ही हसत नाही.

आता मी हा लेख लिहायला का बसलो ते. मी सिव्हिलचा. आमचं मूळ गाव धरणाखाली गेलेलं आहे. आजोबा तरुण असताना उठले, नवी जमीन मिळाली, तिला पाणी देऊ म्हणाले होते. कोणतं धरण, कोणतं खातं, ते जाऊ दे.

त्या रात्री आम्ही १९३९ चा 'न्यू फ्रंटियर' लावला, मेस्किटिअर्समधला. एक खोरं. तिथल्या लोकांना येऊन पन्नास वर्षं झाली म्हणून जत्रेसारखा सोहळा चाललाय. तेवढ्यात निरोप येतो की शहराला पाणी हवंय, इथे धरण होणार, जागा खाली करा. लोक चिडतात. मग त्यांना सांगतात की बदल्यात दुसरीकडे जमीन देऊ, पाणी आणून देऊ. आपले हीरोच लोकांना समजावतात की घ्या, चांगला सौदा आहे. आणि नंतर कळतं की पाणी आणायचा कोणाचा विचारच नव्हता. रूममेटने मध्येच काहीतरी विनोद केला. मी हसलो नाही, तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं आणि तोही गप्प बसला.

सात दिवसांत काढलेल्या सिनेमात हे कुठून आलं? मी नंतर विचार केला तेव्हा उत्तर पुन्हा त्या भाड्यापाशीच आलं. हे सिनेमे मोठ्या शहरातल्या झगमगीत थिएटरांसाठी नव्हतेच. ते लहान गावांत चालायचे, शनिवारी, बाजाराला आलेल्या शेतकऱ्यांसमोर आणि त्यांच्या पोरांसमोर. मंदीत ज्यांच्या जमिनी बँकेकडे चालल्या होत्या, ती ही माणसं. म्हणून मोजून बघा, यातला व्हिलन बहुतेक वेळा लुटारू नसतोच. तो सूट घातलेला बँकवाला असतो, वकील असतो, कंत्राटदार असतो. लुटारू त्याचे पगारी नोकर. मेस्किटिअर्सच्याच 'वायोमिंग आउटलॉ'मध्ये (१९३९) गावचा पुढारी दुष्काळी कामावरच्या नोकऱ्या पैसे घेऊन विकतो. 'रायडर्स ऑफ डेस्टिनी'मध्ये एक जण पाण्यावर बसलाय आणि शेतकऱ्यांना जमिनी विकायला लावतोय.

आणि हे पाण्याचं प्रकरण तिकडे कागदी नव्हतं. हॉपलाँग कॅसिडीचे कितीतरी सिनेमे लोन पाइन गावाजवळच्या अलाबामा हिल्समध्ये काढले. ते ओवेन्स खोऱ्यात येतं. आमच्या शाखेच्या मुलांना ठाऊक असेल, विल्यम मुल्होलँडने तिथून लॉस एंजेलिसला कालवा नेला, १९१३ मध्ये. २३३ मैल, म्हणजे सुमारे ३७५ किलोमीटर, आणि कुठेही पंप नाही, सगळं पाणी उतारावर. डिझाइन म्हणून टोपी काढावी असंच. पण खोऱ्यातल्या जमिनी आणि पाण्याचे हक्क शहराने घेतले, शेती आटली, ओवेन्स तलाव कोरडा पडला. नोव्हेंबर १९२४ मध्ये तिथल्या लोकांनी अलाबामा गेट्स या ठिकाणी कालव्याची दारं ताब्यात घेतली आणि पाणी परत नदीत सोडलं. चार दिवस बायका-मुलांसह तिथे मुक्काम. मूकपटांचा वेस्टर्न हीरो टॉम मिक्स त्या भागात शूटिंग करत होता, त्याने आपले वाजंत्रीवाले त्यांच्याकडे पाठवले! १९२७ मध्ये कालव्यावर डायनामाइटचे स्फोट झाले. आणि पुढे त्याच खोऱ्यात हॉपलाँग घोड्यावरून दौडत लोकांना न्याय देत होता. सिनेमात.

'रायडर्स ऑफ डेस्टिनी'ची गोष्ट मी आजोबांना फोनवर सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून विचारलं, "मग आलं का पाणी?" म्हटलं, आलं, शेवटी विहिरीत स्फोट होतो आणि पाणी खोऱ्यात धावतं, तो माणूस त्यातच बुडतो. आजोबा म्हणाले, "बरं झालं. जेवलास का?"

हे सिनेमे फार न्यायप्रिय होते असा गैरसमज मात्र नको. मूळचे रहिवासी, ज्यांना आपण रेड इंडियन म्हणत आलो, ते यात एक तर दिसत नाहीत किंवा आरडाओरड करत येतात आणि मरतात. बऱ्याचदा ते रंग फासलेले गोरे नटच. खोरं आधी कोणाचं होतं, हा प्रश्न 'न्यू फ्रंटियर'सुद्धा विचारत नाही. कृष्णवर्णीयांना नोकराची नाहीतर विनोदाची जागा. म्हणून १९३७ मध्ये 'हार्लेम ऑन द प्रेअरी' आला त्याचं महत्त्व. हर्ब जेफ्रीज हा गायक त्यात कृष्णवर्णीय गाणारा काउबॉय होता, आणि सिनेमा वेगळ्या बसवल्या जाणाऱ्या त्या प्रेक्षकांसाठीच काढलेला. १९३९ च्या 'द ब्रॉन्झ बकारू'तही तोच. 

पैशाचं शहाणपण पुरतं जमलेला एक नट म्हणजे विल्यम बॉइड. क्लॅरन्स मुलफर्डच्या पुस्तकांतला हॉपलाँग कॅसिडी रांगडा, शिव्या देणारा. बॉइडने त्याचा सभ्य, दारू न पिणारा, पांढऱ्या केसांचा काका केला. सिनेमे चालेनासे झाल्यावर लोक त्याला वेड्यात काढत असताना त्याने घरदार मोडून त्या सगळ्या सिनेमांचे हक्क विकत घेतले. कारण टीव्ही येत होता. १९४९ मध्ये एनबीसीने ते दाखवायला सुरुवात केली आणि देशभरची पोरं वेडी झाली. १९५० मध्ये हॉपलाँगचं चित्र असलेला डबा निघाला, शाळेत न्यायचा. पहिल्याच वर्षी सुमारे सहा लाख खपले! रॉय रॉजर्सने मात्र आपले सिनेमे टीव्हीवर जाऊ नयेत म्हणून रिपब्लिकला कोर्टात खेचलं. आधी जिंकला, १९५४ मध्ये अपिलात हरला.

तोवर दुकान बंदच होत आलं होतं. १९४८ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने मोठ्या स्टुडिओंची थिएटरांवरची पकड मोडली, गठ्ठ्याने सिनेमे गळ्यात मारणं थांबलं. पाठोपाठ तोच घोडा, तोच खडक घरात टीव्हीवर फुकट दिसू लागला. मग तिकीट कोण काढणार? १९५४ चा 'टू गन्स अँड अ बॅज' हा या मालिकांमधला शेवटचा सिनेमा मानतात. आयव्हर्सनच्या जमिनीतून १९६० च्या दशकात महामार्ग गेला, पुढे घरं झाली. काही सुळके अजून उभे आहेत.

यातल्या बऱ्याच सिनेमांचा कॉपीराइट २८ वर्षांनी पुन्हा नोंदवायचा होता, तो कोणी नोंदवलाच नाही. त्यामुळे लोन स्टारचे जॉन वेनवाले सिनेमे आज बिनदिक्कत बघता येतात. प्रिंट खराब असते, आवाज खरखरतो. सुरुवात 'रँडी राइड्स अलोन'पासून करा. आमची यादी (कोणता खडक कोणत्या सिनेमात) बी विंगच्या नोटिस बोर्डामागे खोचून ठेवली आहे. नवीन सापडला तर खाली लिहा, पण पेनाने. पेन्सिलचं पुसलं जातंय.